चार नंबरचं दार

३ मार्च, सोमवार

नऊ वर्षं मी इमारती जाळतेय. कॉम्प्युटरवर. आग कुठे लागेल, धूर किती वेळात डोक्याच्या उंचीपर्यंत खाली येईल आणि तेवढ्यात आतली माणसं बाहेर पडतील का, याचं मॉडेल करायचं, अहवाल लिहायचा, खाली सही ठोकायची. माझी सही असली की इमारत वापरायला परवानगी मिळते.

आज सलाईनच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात गेले. पॅकिंगचा नवा हॉल, सध्या तात्पुरत्या परवानगीवर चालू आहे. एका पाळीला एकशे बासष्ट माणसं, बहुतेक बायका. चार भिंती, चार दारं. माझ्या मॉडेलप्रमाणे तीन मिनिटं दहा सेकंदांत हॉल रिकामा होतो आणि धूर खाली यायला पाच मिनिटं लागतात. सुबक मॉडेल आहे. तीन महिने जीव ओतलाय त्यात.

जाऊन बघते तर तीन आणि चार नंबरची दारं गायब! त्यांच्यापुढे लोखंडी मांडण्यांवर छतापर्यंत खोकी रचलेली. मी विचारलं, ही कुणाची? तर खरेदी विभागाच्या प्रमुख बाई पुढे आल्या. या वहीपुरतं त्यांचं नाव खरेदीबाई.

"माझी," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी नळीचं प्लास्टिक बंदरात अडकलं. अकरा दिवस लाइन बंद. दवाखान्यांचे फोन मी घेत होते, तुम्ही नाही. आता तीन महिन्यांचा माल डोळ्यांसमोर असल्याशिवाय मला चैन पडत नाही."

"आणि आग लागली तर?"

"आग लागेल तेव्हा लागेल हो. माल दर महिन्याला अडकतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात आत जाताना बूट काढून त्यांच्या कापडी सपाता घालायच्या, पर्स आणि फोन लॉकरमध्ये टाकायचे, सगळं एक नंबरच्या दाराशी. माझी गाडी होती चार नंबरच्या दारासमोर. तरी बूट घ्यायला अख्खा हॉल तुडवत परत यावं लागलं. वैताग.

५ मार्च, बुधवार

सासऱ्यांना व्यायामाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. गाडी घराच्या मागे असते. स्वयंपाकघराच्या दारातून नऊ पावलं. पण बाबा पुढच्या दारानेच जाणार. चपला तिथे, काठी तिथे, टोपी तिथे. मग घराला वळसा घालून, भिंतीला हात लावत लावत, मागे. वय चौऱ्याऐंशी. मी घड्याळ लावलं : अकरा मिनिटं.

"बाबा, मागचं दार उघडंच आहे की!"

"असू दे. ते तुमचं दार. माझं पुढचं."

महिनाभर कानीकपाळी ओरडतेय. आज चपला उचलून मागच्या दाराशी ठेवल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या, पुढच्या दाराशी नेल्या आणि तिथे बसून घातल्या. मी हात टेकले. ऑफिसला उशीर झाला.

६ मार्च, गुरुवार

खोक्यांसकट मॉडेल पुन्हा चालवलं. एवढा पुठ्ठा पेटला तर धूर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत खाली. आणि दोन दारं बंद असल्यामुळे बाहेर पडायला सहा मिनिटं. म्हणजे अर्धी माणसं धुरात. आकडा पडद्यावर आला तेव्हा तीनदा तपासला, खोटं कशाला बोलू.

साहेबांना दाखवलं. आमचे साहेब भले आहेत, पण त्यांचं सगळं लक्ष तारखांवर. "एकतीसला तात्पुरती परवानगी संपते. त्याच्या आत आपला अंतिम अहवाल गेला पाहिजे. बाईंशी गोड बोला आणि खोकी हलवून घ्या."

गोड बोलणं हे माझ्या कामाच्या यादीत कधी आलं?

१० मार्च, सोमवार

गोड बोलले. खरेदीबाईंनी चहा दिला आणि त्यांच्या सप्लायरचे निरोप वाचायला लावले. एकूण सतरा निरोप, प्रत्येकात "पुढच्या आठवड्यात". त्या माणसाला त्या 'पुढचा आठवडा' असंच म्हणतात. "पुढचा आठवडा आजारी आहे," "पुढचा आठवडा फोन उचलत नाही." हसू आलं, पण मी दाबलं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर मला सांगतो माल कमी ठेवा. आमच्या मालकांचा कॉम्प्युटर पण हेच सांगायचा. रोज लागेल तेवढाच माल मागवा, म्हणायचा. जहाज अडकलं तेव्हा तो कॉम्प्युटर कुठे होता?"

मी म्हटलं, त्या मॉडेलमध्ये चूक असेल, माझ्या मॉडेलमध्ये नाही. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

जेवताना हे सगळं बाबांना सांगून मन मोकळं केलं. त्यांनी कुठलं ऐकायला! एकतीस वर्षं बसचे कंडक्टर होते, त्यामुळे कुठलाही विषय बसवर येऊन थांबतो. एकदा म्हणे इंजिनातून धूर आला. मागचं दार उघडलं, ओरडून ओरडून घसा बसला, पण सगळे प्रवासी पुढच्या दाराशी चेंगरले. "चढले होते ना तिथून," म्हणाले. मी आमटी वाढली आणि विषय बदलला. घरी तरी मला धूर नको होता.

१४ मार्च, शुक्रवार

जिंकले! चार दिवस पत्रं, फोन, एकदा चक्क भांडण. बुधवारी तीन नंबरच्या दारापुढची खोकी हलली आणि गुरुवारी नवी आली. मी कारखान्याच्या मालकांनाच फोन लावला. आज दोन्ही दारं मोकळी. खोकी हॉलच्या बाहेर, शेडखाली ताडपत्रीत. खरेदीबाई माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. न बोलोत.

चारही दारं उघडून पाहिली. मजबूत, रुंद, सुरेख दारं आहेत. आता सगळं मॉडेलप्रमाणे आहे. अहवालावर सही केली. साहेबांनी पेढे नाहीत तरी निदान शाबासकी दिली.

१९ मार्च, बुधवार

अहवालाला जोडायला म्हणून आगीचं ड्रिल ठेवलं होतं. नुसता उपचार. मी स्टॉपवॉच घेऊन चार नंबरच्या दाराशी उभी राहिले. इथून एक्केचाळीस माणसं येणार होती.

अलार्म झाला. मी वाट बघतेय. एक मिनिट. दोन. हॉलच्या त्या टोकाला नुसता गलका. चार नंबरच्या दाराशी मी एकटी, लग्नाला चुकीच्या दिवशी आल्यासारखी.

सगळ्याच्या सगळ्या, एकशे बासष्ट, एक नंबरच्या दाराने गेल्या. एक तर तीन नंबरच्या दाराला पाठ टेकून काम करत होती, ती मागचं दार सोडून साठ पावलं चालत पुढे गेली. एकूण वेळ सात मिनिटं चाळीस सेकंद.

या बायकांना सांगितलं नव्हतं का? भिंतीवर नकाशा लावलेला नाही का? डोकं फिरलं माझं. मी एवढी दारं कुणासाठी मोकळी केली?

२० मार्च, गुरुवार

कालचा राग अजून उतरला नाही. साहेबांना म्हटलं, प्रशिक्षण कमी पडतंय. मोठे हिरवे बाण लावून घेतले, जमिनीवर पट्टे आखून घेतले. पाळी सुटल्यावर बायकांना उभं करून अर्धा तास समजावलं. एक जण, डोक्याला जाळीची टोपी, हात वर करून म्हणाली, "ताई, त्या दारानं बाहेर पडून आम्ही करायचं काय? सपातांवर घरी जायचं? किल्ल्या, फोन, सगळं तर पुढे."

मी म्हटलं, आग लागल्यावर किल्ल्या कसल्या शोधता?

"बरं ताई," ती म्हणाली. बाकीच्या हसल्या. मला काय विनोद झाला ते कळलं नाही.

२४ मार्च, सोमवार

दुसरं ड्रिल. बाण, पट्टे, भाषण, सगळं झाल्यावर चार नंबरच्या दाराशी आठ जणी आल्या. त्यातल्या तीन मध्येच मागे फिरल्या. सहा मिनिटं पन्नास.

साहेब म्हणतात, "ड्रिलमध्ये लोक आळशीपणा करतात. खऱ्या आगीत पळतील बरोबर. आणि मॉडेल मान्यताप्राप्त आहे." मलाही तसंच वाटतं. वाटायलाच हवं, सही माझी आहे. ड्रिलचे आकडे परिशिष्टात शेवटच्या पानावर टाकले आणि अहवाल पाठवून दिला.

बाबांवर आज उगीच खेकसले. पुढच्या दारापाशी चपलेचा अंगठा सापडत नव्हता त्यांना.

२७ मार्च, गुरुवार

घरी येऊन आधी वही उघडलीय.

आज दुपारी कारखान्यात होते. चार नंबरच्या दाराची उघडण्याची रुंदी पुन्हा मोजायला गेले होते, टेप हातात, दार माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर. अचानक अलार्म. आधी वाटलं कुणीतरी चुकून वाजवला. मग पाहिलं तर पिशव्या चिकटवायच्या मशीनमधून काळा धूर निघत होता. जळक्या प्लास्टिकचा वास. कुणीतरी किंचाळलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी एक नंबरच्या दाराच्या आतल्या व्हरांड्यात होते. दोन्ही बाजूंना बुटांच्या मांडण्या आणि लॉकर. सगळ्या बायका एकमेकींवर, कुणाचं कोपर माझ्या बरगडीत. कुणी लॉकर उघडतेय, कुणी मुलीला फोन लावतेय, पाठीमागून रेटा. "पुढं व्हा ना!" म्हणून ओरडणारा आवाज खरेदीबाईंचा होता. माझ्या हातात माझा डावा बूट होता. उजवा सापडत नव्हता म्हणून मी वाकले होते. वाकले होते! मागे शंभर माणसं आणि मी बूट शोधतेय!

मशीनवाल्याने वीज तोडली, धूर थांबला. कुणाला काही झालं नाही. जाळीच्या टोपीवालीने मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"ताई, किल्ल्या सापडल्या का?" तिने विचारलं. खोचकपणे नाही. खरंच विचारलं.

मी आणि चार नंबरचं दार, मध्ये हातभर अंतर. आणि मी अख्खा हॉल ओलांडून गेले. लाज वाटली. अजून वाटतेय.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळपासून मॉडेल उघडून बसले. आगीचा भाग चोख आहे, धुराचा भाग चोख आहे. माणसांच्या भागात एक रकाना आहे : 'दाराची निवड'. त्यात लिहिलंय : 'सगळ्यात जवळचं'. हा रकाना मी भरलेला नाही. तो आधीपासून तसाच भरलेला येतो. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या इमारतीला तो बदलला नाही, आणि त्यानंतर प्रत्येक मॉडेल आधीच्यावरून उचललं.

बाबा मला अडीच आठवड्यांपूर्वी जेवताना सांगत होते. मी आमटी वाढली.

आज रकाना बदलला : 'ज्या दाराने आत आली ते'. व्हरांडा नकाशात अडीच मीटर आहे, मांडण्या धरून सव्वा मीटर केला. लॉकर उघडायला वेळ दिला. उत्तर आलं सात मिनिटं पंचवीस. ड्रिलच्या आकड्याला जवळजवळ चिकटून. धुराला पाच मिनिटं. त्या बायका आळशी नव्हत्या. त्या बरोबर होत्या आणि मी त्यांना अर्धा तास उभं करून अक्कल शिकवली.

मग जुन्या फायली काढल्या. चौदा इमारती. चौदाही ठिकाणी 'सगळ्यात जवळचं'.

३१ मार्च, सोमवार

साहेबांना सगळं दाखवलं.

"आपण वापरतो ते सगळेच वापरतात. चूक आपली एकट्याची नाही."

"सही माझी एकटीची आहे."

"अहवाल मागे घेतला तर हॉल उद्यापासून बंद. सलाईनच्या नळ्या आहेत त्या, खेळणी नव्हेत. आणि इतर तेरा ठिकाणांचं काय सांगणार आहात? नऊ वर्षं झोपले होते म्हणून?"

"हो," मी म्हटलं. "तेच सांगणार आहे."

ते चिडले नाहीत, हे जास्त वाईट. फक्त म्हणाले की अहवाल मागे घेण्याचं पत्र माझ्या नावाने जाऊ दे. दुपारी तीन वाजता गेलं. मग खरेदीबाईंना स्वतः फोन केला, दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. मला वाटलं आता माझा उद्धार होतोय.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"प्रत्येक लाइनच्या बायका रोज आपापल्या दाराने आत यायला हव्यात. बूट, फोन, पर्स त्याच दाराशी. तसं झालं की लगेच."

"म्हणजे चार ठिकाणी मांडण्या आणि लॉकर."

"हो."

"मागवा मग," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

३ एप्रिल, गुरुवार

लॉकर दहा आठवड्यांनी मिळतील. तीन सप्लायर झाले. एक म्हणाला पत्रा येत नाहीये, दुसरा म्हणाला कुलपं येत नाहीयेत, तिसरा म्हणाला पुढच्या आठवड्यात कळवतो. मी फोन आपटला. हॉल बंद, निम्म्या बायका पगारी सुट्टीवर, निम्म्या जुन्या खोलीत दाटीवाटीने. आणि माझं घोडं कशावर अडलंय? पत्र्याच्या कपाटांवर!

खरेदीबाईंना सांगायला गेले. त्या आज पहिल्यांदा मनापासून हसल्या. "आता कळलं?" म्हणाल्या.

कळलं, म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "धूर झाला त्या दिवशी मी पण दोन नंबरच्या दाराजवळ होते. नातवाचा फोटो फोनच्या मागे लावलाय. तो घ्यायला धावले. फोटो हो! घरी तसले दहा आहेत."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

७ एप्रिल, सोमवार

खरेदीबाईंनी करून दाखवलं. तीन महिन्यांचा साठा सोडायला त्या तयार नाहीत, नसू देत. पण रस्त्यापलीकडचं बंद पडलेलं गोदाम त्यांनी मिळवलं आणि सगळी खोकी तिकडे. ज्या लोखंडी मांडण्यांवर खोकी असायची त्या रिकाम्या झाल्या. वेल्डरने आडव्या पट्ट्या मारल्या, जाळीची दारं बसवली. एकशे बासष्ट खण. दिसायला कोंबड्यांच्या खुराड्यासारखे, पण कुलूप लागतं. दारांच्या बाहेरच्या अंगाला छप्पर आहे, खण तिथे. आतला रस्ता मोकळा.

बाबांना विचारलं, नुसत्या वस्तू हलवून भागेल का? या वेळी वही पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांना एवढं महत्त्व बऱ्याच दिवसांनी मिळालं असावं.

"नाही भागणार," ते म्हणाले. "माझ्या चपला तू मागे ठेवल्यास, काय झालं? दार सवयीचं व्हावं लागतं. रोज चढव मागनं, मग उतरतील मागनं. एक आठवडा तरी घे."

आठवडा नाही बाबा, शुक्रवारच्या ड्रिलला चारच दिवस आहेत माझ्याकडे. हॉल बंद असला तरी बायकांना रोज सकाळ-दुपार आपापल्या दाराने आत-बाहेर करायला लावतेय. त्यांना वाटतं माझं डोकं फिरलंय. वाटू दे.

११ एप्रिल, शुक्रवार

तिसरं ड्रिल. चार नंबरच्या दाराशी उभी राहिले, बाहेरच्या बाजूला. अलार्म झाला आणि पंधरा सेकंद काहीच नाही. मला वाटलं संपलं, पुन्हा तेच.

मग दार धाडकन उघडलं. जाळीच्या टोपीवाली पुढे. तिच्यामागे एक, दोन, सात, वीस. मी मोठ्याने मोजत होते. एक्केचाळीस. एकही कमी नाही. खणांकडे हात गेले, पण आता ते दाराबाहेर होते, कुणाचा रस्ता अडत नव्हता.

तीन मिनिटं चाळीस. नवं मॉडेल म्हणत होतं तीन वीस. हे वीस सेकंद कुठे गेले ते शोधायचंय. अजून काहीतरी आहे जे मला माहीत नाही.

"ताई, रडता का?" टोपीवालीने विचारलं. हो, रडत होते. सोमवारपासून हॉल सुरू होईल. खरेदीबाईंनी तिथूनच दवाखान्यांना फोन लावायला घेतले.

१५ एप्रिल, मंगळवार

बाबा आज डॉक्टरांकडून येताना गाडीतून उतरून स्वयंपाकघराच्या दाराने आत आले. काठी त्यांनी तिथेच टेकवून ठेवली.

ऑफिसात साहेब नमस्काराला मान हलवतात, एवढंच. तेरा फायली टेबलावर रचल्यात. दहा वाजता पहिली उघडली. एक शाळा, तीन मजली, सहाशे दहा मुलं, तळमजल्याला पाच दारं. माझी सही, सात वर्षांपूर्वीची. चार मिनिटांत रिकामी होते असं लिहिलंय.

फोन ऑफिसातल्या बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं, काम सांगितलं आणि विचारलं, "मुलं सकाळी कुठल्या दाराने आत येतात?"

"एकाच हो," त्या म्हणाल्या. "बाकीच्या चारांना कुलूप असतं. कुणी उघडतच नाही ना ती."

मागून मधल्या सुट्टीची घंटा आणि मुलांचा गलका ऐकू येत होता. मी म्हटलं, मी आत्ता येते. पर्स घ्यायचीसुद्धा विसरले.